लॉर्डसाहेबांकडचा चहा

मार्गासनीच्या शेफालीला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी हसायला हवं होतं. खोटं नव्हे, तोंडदेखलं नव्हे, पोट धरून. आणि तेही संध्याकाळच्या आत.

झालं होतं असं. विलायतेत लीड्स नावाच्या गावी टोबी म्हणून एक पोरगा राहतो. त्यानं एक छोटासा गेम बनवला होता. अर्ध्या तासात संपणारा, पण डोकं पार फिरवून सोडणारा. ना त्यात बंदूक, ना गाडी. एक लॉर्डसाहेब आहेत, त्यांचा बंगला आहे, आणि आपण त्यांच्याकडे चहाला गेलेले पाहुणे. बंगल्यात पाणी शिरत असतं. आधी पावलाला लागतं, मग गुडघ्यापर्यंत येतं, मग बश्या तरंगायला लागतात. पण पाण्याचा विषय आपण काढायचा नाही. काढला की लॉर्डसाहेबांचा अपमान, आणि पाहुणा थेट फाटकाबाहेर! मुकाट्यानं हवेच्या गप्पा मारायच्या, साखर किती ते सांगायचं आणि बुडत राहायचं.

शेफाली आजवर मिक्सरची नि पंख्यांची माहितीपत्रकं मराठीत करून देत आली होती. त्यावर तिचं नाव कोण छापणार? हा गेम मात्र तिनं टोबीच्या हात धुऊन मागं लागून मिळवला होता. शेवटी पडद्यावर 'मराठी : शेफाली' असं येणार होतं, आणि त्या दोन शब्दांपायी पोरगी तहानभूक विसरली होती. अडचण एवढीच, की टोबीला शंका होती. असला वेडेपणा आमच्याच लोकांना झेपतो, तुमच्याकडे कोण हसणार, असं त्याचं म्हणणं. जन्मात गेम न खेळलेलं माणूस बसव, खेळतानाचा व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठव. हसलं तर मराठी ठेवतो, नाहीतर काढून टाकतो.

आता असं माणूस गावात काय, ढिगानं मिळेल, असं तिला वाटलं होतं. तालीम म्हणून आधी तिनं भावाला, सोमनाथला बसवलं. त्यानं पहिल्याच फटक्यात 'अहो, पाणी आलंय' ह्या उत्तरावर बोट ठेवलं, फाटकाबाहेर पडला, आणि ह्यात मारायचं कुणाला असं विचारून निघून गेला. मग शेजारच्या बाळाबाईंना बोलावलं. त्यांना लॉर्डसाहेबांची दयाच आली. बिचाऱ्याचं घर चाललंय आणि तू हसायला काय सांगतेस, म्हणून त्या शेफालीवरच उखडल्या आणि चुलीवरचं दूध बघायला उठून गेल्या. घ्या! करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

शेफाली डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात वेल्ह्याकडं जाणारी एसटी थांबली आणि ठकुबाई आत्या उतरल्या. भोंगवलीहून आल्या होत्या, पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. शेफालीनं पटकन टॅब उशीखाली सारला.

त्याला कारण होतं. गुंजवण्याकडचं आत्यांचं घर धरणात गेलेलं. तिथून त्या बिऱ्हाड उचलून भोंगवलीला आल्या, त्याला आता वर्षं झाली. पण शेफालीच्या घरात आत्यांसमोर त्या पाण्याचं नाव कुणी काढत नसे. आत्या आल्या की पिकाचं विचारायचं, गुडघ्याचं विचारायचं, चहात साखर किती ते विचारायचं. अशा बाईपुढं बुडणाऱ्या घराचा विनोद मांडायचा?

पण आत्यांची नजर म्हणजे घारीची. उशीखालून डोकावणारी पडद्यावरची कपबशी त्यांना दिसलीच. कुणाच्या घरी चाललाय चहा, म्हणत त्यांनी टॅब ओढून मांडीवर घेतला. आता नाही म्हणावं तर का ते सांगायला हवं, आणि सांगायचं तर तोच विषय काढायला हवा. आत्या वाचून दाखव म्हणाल्या, तशी शेफाली मुकाट्यानं शेजारी बसली. मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला.

खेळात लॉर्डसाहेबांचा खानसामा आत आला. पायाला चिखल, चेहरा मात्र इस्त्रीचा. पाण्याचं नाव काढायची त्यालाही चोरी. म्हणाला, "साहेब, खालून कुणीतरी आलंय. ओलेच आहेत. आत घेऊ का?"

लॉर्डसाहेबांनी विचारलं, "वेळ ठरवून आलेत का?"

"नाही, साहेब. पण बरेच आहेत."

आत्या पडद्याकडं बघत राहिल्या. शेफालीनं मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या. आणि मग आत्यांचे खांदे हलले. आधी आवाजच नाही, नुसते खांदे. मग असं काही हसू फुटलं, की अंगणातल्या कोंबड्या बिचकल्या आणि सोमनाथ बाहेरून पळत आला.

"आगं, आमच्याकडं बी असंच," डोळे पुसत आत्या म्हणाल्या. "धरनाचे मोजनीवाले आले, तवा ह्यांनी इचारलं, साकर किती. त्ये म्हनाले, बेताची. घर जानार ह्ये त्येबी बोलंनात, आमीबी बोलंना. समदी चा पेतोय."

आणि पुन्हा हसायला लागल्या. शेफालीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. इतकी वर्षं घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते आत्यांनीच बोलून टाकलं होतं, तेही पोट धरून. व्हिडिओ तर झालाच होता, आता खेळ बंद केला असता तरी चाललं असतं.

पण आत्या कुठल्या थांबतात! खेळातल्या गप्पांच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. घड्याळ उचललं, माळ्यावर टाकलं. मांजर उचललं, तेही माळ्यावर. पितळेची किटली, लॉर्डसाहेबांच्या बापाचा फोटो, सगळं वर. मग त्यांनी दारावर बोट ठेवलं आणि ओढायला लागल्या. शेफाली म्हणाली, आत्या, दार निघत नाही, तो नुसता देखावा आहे. आत्यांनी ऐकलं नाही. घर सोडताना आधी दार काढायचं असतं, एवढं साधं तुला ठाऊक नाही, म्हणाल्या. त्यांनी स्वतः आपल्या घराचं दार चौकटीसकट टेम्पोत घातलं होतं, सागवानी.

बोट दाबून ओढत राहिल्या, आणि कर्र करून दार निघालं की! शेफाली ताडकन उठून उभी राहिली. अख्खा गेम तिनं ओळ न् ओळ पालथा घातला होता, पण हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दार पाण्यावर आडवं झालं. लॉर्डसाहेब कपबशी सांभाळत त्यावर बसले, मागं खानसामा, मांडीवर मांजर. वाहत वाहत दुसऱ्या कुणाच्या बंगल्यापाशी लागले. मालकीणबाई बाहेर आल्या. लॉर्डसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं, आणि तिथं अक्षरच नव्हतं. कोरी जागा.

व्हिडिओ पाठवून शेंगा निवडून होतात न होतात, तोच टोबीचा व्हिडिओ कॉल. केस पिंजारलेले, आणि तोंडाचा पट्टा असा सुटलेला की शेफालीलाही निम्मं कळेना. मराठी राहणार, हे त्यानं सगळ्यात आधी सांगितलं, आणि शेफालीनं तिथल्या तिथं उडी मारली. मग तो दारावर आला. ते निघणारं दार त्यानं एका दुपारी गंमत म्हणून करून ठेवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्याकडच्या एकाही माणसानं ते ओढून पाहिलं नव्हतं, सगळे सभ्यपणे बुडाले होते. शेवटाला लॉर्डसाहेब काय म्हणतील ते त्याला सुचलं नव्हतं, म्हणून जागा कोरी राहिली होती. आता ते त्यानं हसणाऱ्या बाईंनाच विचारायला सांगितलं.

शेफालीनं विचारलं. परक्या दारात जाऊन उभं राहिल्यावर माणूस काय बोलतो?

आत्यांना विचार करावा लागला नाही. भोंगवलीला त्या जे बोलल्या होत्या, तेच त्यांनी सांगितलं.

"दार घिऊन आलोय म्हनावं. भिंतीचं तेवढं तुमी बगा."

तिकडं टोबी स्क्रीनला नाक लावून वाट बघत होता. इकडं शेफालीनं इंग्रजीत एक वाक्य जुळवलं आणि मोडलं. इतके महिने तिनं त्याचं इंग्रजी मराठीत आणलं होतं. आता मराठीचं इंग्रजी करायचं होतं, आणि ते काही केल्या जमेना.