समुद्राचा ताप पाहणारी बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. नाक मुरडू नका! धुणीभांडी माझ्या वाट्याला कधीच आली नाहीत. जहाजावरून मला समुद्रात सोडत, पाणी भरून वर ओढत आणि त्यात तापमापक बुडवत. मी चक्क समुद्राचा ताप पाहत असे!

माझी मालकीण हवामानशास्त्रज्ञ. समुद्राची ऊब हवेला मिळून वादळं कशी माजतात, याचा तिने जन्मभर अभ्यास केला. जहाजावर सगळे तिला ताई म्हणत. तिचा एकच हट्ट असे. मला वर ओढलं की लगेच आडोशाला न्यायचं आणि आकडा वाचायचा. माझं अंग कापडाचं, ओलं. वारा लागला की आतलं पाणी गार होतं.

एकदा दूर समुद्रात वादळ उठलं होतं. वाटेतलं पाणी गार असेल तर ते विरणार, उबदार असेल तर बंदरावर आदळणार. त्याच बंदरात ताईच्या भावाची मासेमारीची बोट निघायच्या तयारीत होती. आमचं जहाज वादळाच्या वाटेत, पण बरंच पुढे होतं. ताईच्या सहकाऱ्याने मला वर ओढलं, वाऱ्यात ठेवलं आणि स्वारी गेली चहाला! परत येऊन त्याने आकडा वाचला.

"ताई, पाणी गार आहे. धोका नाही म्हणून कळवू?"

ताईने मला हात लावून पाहिलं. "किती वेळ ठेवलीस हिला इथे?"

"चहा होईपर्यंत."

"अरे, मग हा आकडा समुद्राचा कसला? वाऱ्याचा! सोड पुन्हा."

या वेळी पाणी चांगलंच कोमट निघालं. ताईने बंदराला धोक्याचा इशारा दिला आणि मग रेडिओवर भावाला गाठलं.

"दादा, बोट काढू नकोस."

"अगं, बर्फसुद्धा भरून झालाय. आभाळ स्वच्छ आहे. तुझं आपलं काहीतरीच!"

"माझ्यावर नको, माझ्या बादलीवर तरी विश्वास ठेव."

दादा कुरकुरला, पण थांबला. बाकीच्या बोटीही थांबल्या. वादळाने धक्क्यावरचे पत्रे उडवले, माणूस मात्र एकही गेला नाही. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे आपोआप मोजणारी यंत्रं आली. ताई मोठी अधिकारी झाली आणि मी तिच्या ऑफिसच्या कोपऱ्यात गेले. दोर कुजला. लोक माझ्यात ओल्या छत्र्या ठेवू लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

ताई निवृत्त झाली, तेव्हा तिच्या निरोपाच्या दिवशी एकाने मला उचललं. "हे भंगारात टाकू ना?"

"खबरदार!" पिकल्या केसांचा दादा ओरडला. "हिच्यामुळे मी आज इथे उभा आहे." त्याने तिथेच बसकण मारली आणि स्वतःच्या बोटीवरून आणलेला नवा दोर मला बांधला. ताई डोळे पुसत हसत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि कधी काही मोजायला घेतलंत, तर आधी आकडा वाचा. चहा नंतरही मिळतो.