मला पंख नको होते

मी एक जुना यंत्रमानव आहे. घाबरू नका मित्रांनो, माझी उंची हातभरच आहे. मुलांच्या एका मालिकेत मात्र मी पाच मजली इमारतीएवढा दिसायचो. माझ्याभोवती साबणाच्या डबीएवढी घरं मांडायची, कॅमेरा जमिनीला टेकवायचा, की झालो मी अवाढव्य! मालिकेतलं माझं नाव धिप्पाड.

मालिका ताई लिहायची आणि तिचा थोरला भाऊ, दादा, तिच्यातली यंत्रं घडवायचा. पत्रा, सायकलच्या तारा आणि मोडक्या शिवणयंत्राची चाकं यांतून त्याने मला उभं केलं. पण हत्याराला हात लावण्याआधी त्याने ताईला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं.

"एवढं मोठं धूड हवंच कशाला? गाड्या नाहीत का?"

"गाव दलदलीत आहे, दादा. चाकं फसतात. बांधाचे दरवाजे उचलायला पायांचंच यंत्र हवं."

"मग पायही फसतील की!" असं म्हणून त्याने मला बदकासारखी पसरट पावलं दिली.

"आणि चालक बसणार कुठे?"

"डोक्यात. तिथून लांबचं दिसतं."

"अगं, प्रत्येक पावलाला डोकं हेलकावणार. तुझी चालक पहिल्याच भागात ओकेल!"

ताई खो खो हसली आणि चालकाची जागा माझ्या पोटात झाली. सगळ्यात अवघड नियम गुडघ्यांचा होता. एवढं ओझं पेलून गुडघे तापणार, म्हणून थोडं चाललो की मी पाण्यात बसायचं. योद्ध्याने नदीत फतकल मारून बसायचं, याची मला आधी लाजच वाटली. पण एका भागात बांध फोडणारा लोखंडी खेकडा जवळ येत होता, माझ्या गुडघ्यांतून वाफ निघत होती आणि मला उठता येत नव्हतं. तेव्हा चित्रीकरण बघायला आलेल्या मुलांनी श्वास रोखून धरला होता. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग एकदा निर्माते सेटवर आले आणि मला न्याहाळून म्हणाले, "याला पंख लावा. उडू दे."

"साहेब, एवढं वजन हवेत जाईल कसं?" दादाने विचारलं. "आणि हा उडाला तर दलदलीची भीती कुणाला? गोष्टच संपली."

"अहो, मुलांना काय कळतंय! लावा हो पंख."

दादाने ताईकडे पाहिलं. ताई हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. दादाने आपली पक्कड, कानस आणि कात्री पिशवीत भरली. दारातून वळून तो एवढंच म्हणाला, "तू बोलायला हवं होतंस." पुढे कितीतरी महिने दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

त्यानंतर माझी जी परवड झाली, ती काय सांगू! एका भागात माझी मान ढगांत, तर पुढच्या भागात मी दवाखान्याच्या दारातून आत! डोक्याला खिडकी पाडून चालक तिथे बसवली आणि माझं पोट ओस पडलं. गुडघे तापायचं तर सगळे विसरूनच गेले. रोज नवी शक्ती आणि रोज नवा नियम. मी कोण, केवढा, मला काय जमतं, हे माझं मलाच कळेना. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण पत्र्याला वाचा कुठली?

अखेर ताईने जीव ओतून एक मोठा भाग लिहिला. बांधाचा दरवाजा मी खांद्यावर पेलला आहे, गुडघे वितळू लागले आहेत. दरवाजा सोडला तर गाव बुडेल, नाही सोडला तर चालक जिवाला मुकेल. चालकाचं काम करणारी नटी संवाद वाचता वाचता थांबली.

"ताई, मी उडून का जात नाही?"

"आज पंख बिघडलेत."

"आणि गुडघे? ते तर कधीच तापत नाहीत आता."

"आज तापलेत, असं समज ना!"

नटीने आवाज खाली आणला. "रड म्हणालात तर रडते, ताई. पण घाबरायचं कशाला, ते कळत नाहीये."

चित्रीकरण झालं, नटी मन लावून रडलीसुद्धा. पण बघायला आलेली मुलं चुळबुळत राहिली. ऐन मोक्याच्या क्षणी एक मुलगी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली, ती परत आलीच नाही. थोड्याच दिवसांत मालिका बंद पडली.

ताईने मला पिशवीत घातलं आणि थेट दादाचं घर गाठलं. "चुकलंच माझं," ती दारातच म्हणाली. दादाने तिला पाणी दिलं आणि मला हातात घेतलं. पंख उपटू लागला, तर पाठीचा पत्राच फाटत आला. "कोणत्या शहाण्याने हे चिकटवलंय!" तो चिडून पुटपुटला. कसाबसा एक पंख निघाला. दुसरा ओढला तर माझा कणाच मोडेल, म्हणून तो तसाच राहिला.

आता मी दादाच्या फळीवर एका अंगाला कलून उभा असतो. खाली बहीणभाऊ नव्या गोष्टीवरून तासन् तास वाद घालतात. ती गोष्ट कधी पडद्यावर येईल, कुणास ठाऊक. ऐकताना बरं वाटतं, पण माझी फरफट झाली ती झालीच.

मित्रांनो, तुम्हीही यंत्रमानव रचाल. खुशाल डोंगराएवढे रचा. पण त्यांना वजन द्या, थकवा द्या आणि एकदा दिलेला नियम जिवापाड जपा. ज्याला काहीच जड जात नाही, त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही.