छोटा कुठे आहे?

मी एक जुना रोबोट आहे. जुना म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा. पण त्यातले एक वर्ष मी एकाच फळीवर, एकाच अवस्थेत उभा राहून काढले, आणि न हलता उभे राहिले की प्लास्टिक लवकर म्हातारे होते. माझी उंची अठरा पूर्णांक चार सेंटिमीटर. सांधे तेवीस. वजन तीनशे बारा ग्रॅम. मित्रांनो, हे आकडे मी मोजलेले नाहीत, हिमांशूने मोजले. ‘मित्रांनो’ हा शब्दसुद्धा मी त्याच्याकडूनच शिकलो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. गरम साचा आठवतो, कमरेत धातूचा तुकडा बसवताना झालेला ‘खट्’ आवाज आठवतो आणि पारदर्शक खिडकीचा खोका आठवतो. त्या खोक्यात माझ्या उजव्या पायाशी, वेगळ्या खळग्यात, माझा साथीदार होता. चार सेंटिमीटरचा, अकरा ग्रॅमचा. खोक्यावर त्याचे लांबलचक परदेशी नाव छापले होते. गोंदियाजवळच्या बिरसी गावातल्या घरात ते कुणालाच नीट म्हणता येईना, तेव्हा हिमांशूच्या आईने, कुंदाबाईने, त्याला छोटा करून टाकले.

मी दोन रूपांचा आहे. उभा असलो की रोबोट. घडी घालत गेले की एकोणीस पायऱ्यांनंतर बैल. छोट्याचीही घडी होते. तो सुपारीएवढा होतो, आणि उलगडला की माझ्या वशिंडावर बसतो. त्याची आणखी एक जागा होती, जी सोबतच्या पुस्तिकेत दाखवलेली नव्हती. चौदाव्या पायरीला माझे पुढचे पाय अर्धे वळतात, तेव्हा छातीची पाटी सैल होते. तिच्यामागे सुपारी मावेल एवढा कप्पा आहे. मी उभा असताना ती पाटी घट्ट मिटलेली असते, आत काही असेल अशी शंकाही येत नाही. हा कप्पा हिमांशूने शोधून काढला, आणि त्याने तो कुणालाच सांगितला नाही.

हिमांशू विज्ञानाचा पदवीधर होता. गोंदियाच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. रोज गाडीने जाई, संध्याकाळी परत येई. रविवारी तो खेळण्यांची परीक्षणे करून मोबाइलवर व्हिडिओ टाकत असे. पाहणारे एकशे चाळीस, त्यांतले निम्मे नात्यातले. बहीण नीतू मोबाइल धरून उभी राही.

“दादा, कोणी शिंग एवढं बारीक मोजते का?” ती कंटाळून म्हणे. “खेळनं हाय का मरीज?”

“मोजल्याबिगर बोलनं म्हनजे गप्पा. हात हलवू नको.”

माझ्या आयुष्यातला मोठा मान मला तान्ह्या पोळ्यात मिळाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले लाकडी नंदी सजवून आणतात. शेजारच्या सुशिलाबाईंची नात खुशी, वय वर्षे सात, हिच्याकडे नंदी नव्हता. हिमांशूने मला बैल केले, छोट्याला वशिंडावर बसवले आणि दोरी तिच्या हातात दिली. परीक्षक दुर्गाप्रसादजी चष्मा वर करून वाकले.

“हा नंदी व्हय का इंजन?”

“शिंगं नाई दिसत का, आजोबा?” खुशी म्हणाली.

“शिंगं त हायेत. शेन टाकते का?”

सगळा पोळा हसला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, एक कंपासपेटी. ती खुशी अजून वापरते.

पुढच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी हिमांशूने माझे परीक्षण करायला घेतले. नीतू परीक्षेला गेली होती, म्हणून मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवला होता. सुरू करण्याआधी त्याने छोट्याची घडी घालून त्याला माझ्या छातीत ठेवले आणि मला पुन्हा उभे केले. मग तो पंचवीस मिनिटे बोलला. सांध्यांविषयी, रंगाविषयी, उजव्या शिंगाच्या ढिलेपणाविषयी. “वजन तीनशे बारा ग्रॅम, छोट्याशिवाय.” तेरा पायऱ्या दाखवून तो थांबला आणि हसला. “चौदावी आज दाखवणार नाही. छोट्याविषयी दुसऱ्या भागात. तोपर्यंत, मित्रांनो, ओळखा पाहू, छोटा कुठे आहे?”

मोबाइल बंद करून त्याने मला परत रोबोट केले आणि फळीवर उभे केले. सोमवारी त्याला ताप भरला. बुधवारी गोंदियाला नेले, तिथून नागपूरला. तो परत आला नाही.

त्या बुधवारी गाडीत बसवताना त्याने शर्टाच्या खिशावर हात दाबला होता. छोट्याला खिशात घेऊन फिरायची त्याची सवय होती. कुंदाबाईने तो हात पाहिला. खिशात रुमाल होता. फळीवरून मला त्याचे निळे टोक दिसत होते. तिला दिसले नाही.

त्याच्या जाण्यानंतर ती रोज सकाळी माझ्यासमोर बसून व्हिडिओ लावू लागली. शेवटचा प्रश्न आला की ती उत्तर देई, “तुह्याजवळच हाय, बाबू.” मग बंद करी. सांत्वनाला आलेल्या बायांना ती सांगे, “माहा पोरगा एकटा नाई गेला. छोटा हाय त्याच्यासंग.” तेवढ्या एका गोष्टीला धरून ती उभी होती. मला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. “त्यानं जसा ठेवला तसाच राहू द्या.” माझ्या खांद्यांवरची धूळसुद्धा ती फुंकून उडवी.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते रंगवलेले आहे. छोटा माझ्या छातीत होता आणि मला ते सांगता येत नव्हते.

मग आवाज सुरू झाला.

बिरसीला विमानतळ आहे, आणि वैमानिक घडवणारी शाळा. सकाळी शिकाऊ विमाने आमच्या घरांवरून गोल गोल फिरतात. प्रत्येक वस्तू एका ठरावीक कंपनाला जास्त दाद देते. माझ्या फळीचे तसेच होते. विमान एका विशिष्ट घरघरीला आले की फळी थरथरे, आणि माझ्या छातीत छोटा कप्प्याच्या भिंतीवर आपटे. टिक, टिक, टिक. पूर्वी कप्पा रिकामा असे, म्हणून पूर्वी हा आवाज कधी झाला नव्हता. तो हिमांशू गेल्यानंतरच सुरू झाला.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा कुंदाबाईच्या हातून पेला पडला. दुसऱ्या दिवशी ती आधीच येऊन बसली. पुढे तिने नेमच केला: आवाज येईपर्यंत अन्नाला शिवायचे नाही. “तो आवाज देऊन रायला,” ती म्हणे. “त्याचा आवाज आल्याबिगर मी कशी जेवू?”

हिवाळ्यात, उन्हाळ्यात हे निभले. पावसाळ्यात ढग उतरले, विमाने उडेनाशी झाली. कधी सलग तीन दिवस आभाळ मुके. ती माझ्यासमोर बसून राही; समोरची ताटली तशीच झाकलेली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी पूर्ण ताकदीने थरथरायचा प्रयत्न केला. पण मी नुसते प्लास्टिक आहे, माझ्यात बॅटरीसुद्धा नाही.

हिमांशूचे वर्षश्राद्ध झाले आणि आठ दिवसांनी पोळा आला. त्याच्या आदल्या दिवशी सुशिलाबाई यादोरावांना दुकानात भेटायला आल्या. यादोराव म्हणजे हिमांशूचे वडील. घराला लागूनच त्यांचे किराणा दुकान आहे.

“भाऊजी, त्या खेळन्यात काहीतरी हाय. मले सांगा, निर्जीव चीज आवाज काऊन करते?”

“मले का मालूम?”

“परवा पहाटे मारबत निघते. तिच्यासंग गावाबाहेर धाडून द्या. नाई त वयनीले घेऊन जाईल तो.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे लोक मारबतीचा पुतळा घेऊन रोगराई, इडापिडा सगळे शिवेबाहेर टाकायला निघतात. “घेऊन जा गे मारबत!” असे ओरडत जातात. जे एकदा शिवेवर टाकले ते परत आणायचे नाही, वळूनही पाहायचे नाही. पोळ्याच्या संध्याकाळी, दारात आलेल्या बैलांची पूजा करायला कुंदाबाई आरती घेऊन बाहेर गेली, तेव्हा यादोराव खोलीत आले. त्यांनी मला वर्षात पहिल्यांदा उचलले. माझ्या छातीत छोटा वाजला. त्यांनी डोळे मिटून मला कापडी पिशवीत टाकले आणि दुकानात आणले.

दुकानदाराचा हात सवयीचा गुलाम असतो. कुणी काही आणून दिले की यादोराव ते आधी काट्यावर ठेवत. पिशवीही त्यांनी न पाहता काट्यावरच ठेवली. तेवढ्यात नीतू आगपेटी न्यायला आली.

“बाबा, काय हाय याच्यात?”

“काही नाई. तू जाय.”

तिने पिशवीचे तोंड उघडले आणि माझे शिंग पाहिले. “बाबा! आईले समजलं त?”

“पहाटे टाकून येतो. तुह्या आईले जगवाचं हाय मले, पोरी. दुसरा इलाज सांग.”

नीतूने मला बाहेर काढले. निरोप घ्यायचा म्हणून असेल, तिने मला काट्यावरच उभे केले. मग तिची नजर आकड्यावर गेली आणि तिथेच थांबली.

तीनशे तेवीस.

तो व्हिडिओ तिने भिंतीपलीकडून तीनशे वेळा तरी ऐकला होता. तिने काटा शून्यावर आणून मला पुन्हा ठेवले. तीनशे तेवीस. एक किलोचे माप ठेवून काटा तपासला, काटा बरोबर होता. तिने मला कानाशी धरून हलवले.

“दादा म्हनते तीनशे बारा,” ती हळूच म्हणाली. “छोट्याबिगर. हा अकरा ग्राम जास्त हाय. बाबा, छोटा याच्यात हाय.”

यादोराव म्हणाले, “मंग त बिलकुलच सांगू नको. तो छोटा पोराजवळ हाय, याच भरोशावर तुही आई जगून रायली. तेही कायले हिसकून घेतेस?”

“जगून कुठी रायली, बाबा? कालपासून जेवली नाई ते.”

“माहा रोबोट कुठी हाय?”

कुंदाबाई दुकानाच्या दारात उभी होती. हातात विझलेली आरती. तिने पिशवी पाहिली, यादोरावांकडे पाहिले, आणि तिला सगळे समजले. पुढे येऊन तिने मला घेण्यासाठी हात केला.

नीतूने मला दिले नाही. “आई, आधी एक ऐक. दादानं प्रश्न इचारला होता ना? तुहं उत्तर चुकलं असन त?”

“चुकीचं काय हाय त्यात? मी माह्या डोळ्यांनं पाह्यलं, त्यानं खिसा दाबला होता.”

नीतूने मोबाइल लावला. काउंटरवर हिमांशूचा आवाज आला, आणि ती त्याच्या मागोमाग माझी घडी घालू लागली. वर्षभर न हललेले माझे सांधे करकरले. तेरा पायऱ्या झाल्या. ‘चौदावी आज दाखवणार नाही,’ हिमांशू म्हणाला. नीतूने मोबाइल थांबवला. तिने मला फिरवून पाहिले, मागचे पाय दाबले, पाठ चाचपली. मग पुढचे पाय हळूहळू, अंश अंश करत वळवले. अर्ध्यावर पाटी सैल झाली. तिने नख घातले.

छोटा काउंटरवर पडला, सुपारीसारखा, आणि घरंगळत कुंदाबाईच्या बोटांशी थांबला.

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. कुंदाबाईने त्याला उचलून तळहातावर घेतले.

“म्हनजे तो एकटाच गेला,” ती म्हणाली.

यादोरावांनी तोंड फिरवले. ती तिथेच पोत्यावर बसली आणि वर्षभर न रडलेले रडली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. काट्यावरचा आकडा तोवर आपोआप विझला होता. मग तिने पदराने नाक पुसले आणि छोट्याचे इवलेसे हात एकेक करून उलगडले.

“लपवून गेला, लबाड,” ती त्याला म्हणाली. “आन मी वर्षभर चुकीचं उत्तर देऊन रायली. हसला असन मले.” थोड्या वेळाने तिने वर पाहिले. “नीतू, भात हाय का थोडा?”

पहाटे मारबत दुकानासमोरून गेली. मी काउंटरवर बैल होऊन उभा होतो. दुपारी तान्ह्या पोळ्यासाठी खुशी आली आणि दारात उभी राहिली. कुंदाबाईने स्वतः माझ्या गळ्यात दोरी बांधली आणि छोट्याला वशिंडावर बसवले. त्या वर्षी मला बक्षीस मिळाले नाही. उजवे शिंग वाटेतच पडले होते.

पुढच्या रविवारी परीक्षणाचा दुसरा भाग झाला. नीतूने मोबाइल धरला.

“बोल ना, आई.”

“काय बोलू? मी का मास्तरीन हावो?”

“दादा कसा बोले?”

कुंदाबाईने पदर सारखा केला. “मित्रांनो,” ती म्हणाली, आणि तो शब्द तिच्या तोंडून ऐकून माझ्या तेवीसही सांध्यांत काहीतरी झाले. “हा छोटा. वजन अकरा ग्राम. माह्या पोरानं तुमाले इचारलं होतं, छोटा कुठी हाय. इथी होता.” तिने माझ्या छातीवर बोट ठेवले. “घरीच होता.”

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या फळीवर कुणाची तरी वस्तू तशीच उभी ठेवलेली असेल. तिला नुसती पाहू नका. अधूनमधून खाली घ्या, सांधे हलवा, जमल्यास वजन करा. आणि तुम्ही काही लपवले असेल तर गंमत म्हणून का होईना, एका तरी माणसाला जागा सांगून ठेवा. आम्हाला तोंडे असतात, पण ती रंगवलेली असतात.

आता माझा कप्पा रिकामा आहे. सकाळी विमान घरावरून जाते, फळी थरथरते आणि माझ्यातून कसलाच आवाज येत नाही. कुंदाबाई तेव्हा जेवत असते. तिचा घास तोंडाशी थांबतो. ती ऐकते. विमान दूर जाते, आणि मग ती घास खाते.