काठोकाठ प्याली

मला सगळे भांडखोर म्हणतात. व्हय, आहेच मी. पण या तोंडानं जेवढं कुणाचं वाईट केलं नाय, तेवढं मी एकदा तोंड न उघडता केलंय.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वरीस झालं होतं. मी कन्नडहून औरंगाबादला येऊन शहागंजात सालेह चाऊशच्या कहवाखान्यात गिऱ्हाईक सांभाळायचो. सालेहचे आजोबा यमनहून निजामाच्या फौजेत आलेले, म्हणून दुकानातली रीत तिकडची. चहा आपल्यासारखाच, पण कहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, लहान बिनकानाच्या प्यालीत, तळ झाकंल एवढाच ओतायचा. संपला की पुन्हा थोडा. गिऱ्हाइकानं प्याली हलवली की बास. काठोकाठ भरून दिली तर अर्थ एकच, प्या आन निघा. सालेहनं हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आमच्याकडं अर्धा कप दिला तर पाहुणा रुसतो," म्हणून मी हसलो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं म्हणायला जागा नाय.

उमरचाचा रोज दुपारी यायचे. निजामाच्या अरबी फौजेतले शिपाई. फौज मोडली, तसं दाराजवळच्या बाकावर दीड दीड तास बसून राहायचे. त्या आठवड्यात त्यांनी नवीनच धरलं होतं, "रामकिसन बेटा, जरा बैठ ना." मी म्हणायचो, "काम हाय चाचा." असं चार दिवस झालं.

पाचव्या दिवशी बाजार होता. बसायला जागा नाय. एक कापडाचा व्यापारी उभ्या उभ्या ओरडला, "काय रं, हे बाकडं अरबाच्या नावावर करून दिलं काय? राज्य बदललं, तुला खबर नाय?" सगळं दुकान हसलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली! पण व्यापाऱ्याला बोलायची छाती नव्हती. आन खरं सांगतो, राज्य बदललं या शब्दानं मलाही जरा चढली होती. मी किटली घेऊन चाचांकडं गेलो.

"रामकिसन बेटा," त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला.

मी प्याली काठोकाठ भरली. कहवा त्यांच्या बोटांवर सांडला.

त्यांनी प्यालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. खिशातला हात रिकामाच बाहेर आला. "शुक्रिया," म्हणाले आन उठून गेले. व्यापारी बसला. मी त्याला चहा दिला.

सालेह नमाजहून आला. "चाचा गेले? तू दिली ना सही?"

"कसली सही?"

"अरे, अरब फौजेतल्या लोकांना जहाजात घालून परत धाडतायत. चाचाला इथं चाळीस वर्षं झाली, बायको इथलीच. पण माझी सही चालत नाय, मी पण अरबच. कुणी हिंदूनं ओळखतो म्हणून लिहून दिलं तर कचेरीत ऐकतात. पाच दिवस कागद खिशात घेऊन फिरतोय बिचारा. तुला विचारायला लाजत होता."

मी प्यालीचं सांगितलंच नाय. उठून चाचांकडं पळायला पाहिजे होतं. पण कोणत्या तोंडानं जाऊ? दोन दिवस लाजेपायी बसून राहिलो. थू असल्या लाजेवर!

तिसऱ्या दिवशी त्यांचं घर शोधलं. दारात त्यांची बायको, वहिदाबी.

"चाचा हायेत का? मी सही द्यायला आलोय."

"काल पोलिसांनी मुंबईच्या गाडीत बसवलं त्यांना," ती म्हणाली. मग माझ्याकडं निरखून बघितलं. "सालेहच्या दुकानातले रामकिसन ना तुम्ही? बसा."

तिनं कहवा आणला.

"म्हणाले, दुकानात लई गर्दी होती. रामकिसनला सवड नव्हती, विचारायचंच राहिलं. तुमच्यावर राग धरू नको म्हणाले."

तिनं ओतला. मानानं, तळ झाकंल एवढाच. मी प्यायलो. तिनं पुन्हा थोडा ओतला. प्याली हलवून बास म्हणायचं, तेवढंही माझ्या हातून होईना. किटली रिकामी होईपर्यंत ती मला पाहुणा म्हणून वाढत राहिली.