एजंट म्हणून आर्वो केस्किताला

पिठाच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा सायमा बेकरीत पास्ट्यांच्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, कडा दुमडत होती. तिचा चेक परत आला होता. ती हसलीच. "अरे, तुमच्या बँकेचा घोळ असेल," म्हणाली आणि फोन ठेवला. मग हात धुऊन तिने स्वतःच्या बँकेला फोन लावला, आणि तिकडच्या मुलीने चाचरत सांगितलं की बेकरीचं खातं कोर्टाच्या हुकमाने गोठवलं आहे.

"कसलं कोर्ट?"

"तुमच्याविरुद्ध निकाल लागलाय ना, मॅडम. तुम्हाला... माहीत नाही?"

निकाल लागायला आधी खटला व्हावा लागतो, आणि खटल्याचा एक कागदही तिने डोळ्यांनी पाहिला नव्हता.

खटला मात्र झाला होता. आदल्या हिवाळ्यात बर्फावर स्नोमोबाइल पळवायला आलेला एक पर्यटक बेकरीच्या पायरीवरून घसरला होता आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सायमाने स्वतः त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकलं होतं, दवाखान्यात गरम पास्ट्या पाठवल्या होत्या. त्याने पास्ट्या खाल्ल्या आणि दावा ठोकला. समन्स रीतसर बजावलं गेलं, बेकरीकडून कोणी हजर झालं नाही, एकतर्फी निकाल लागला. विमा कंपनीने हात वर केले. वेळेत कळवलं असतं तर पाहिलं असतं, म्हणे.

"बजावलं कोणाला?" सायमाने विचारलं.

तिची शाळेपासूनची मैत्रीण रोवेना पेनहेल आता जिल्ह्याच्या गावी वकिली करायची. तिने कागद उलटा फिरवून सायमापुढे सरकवला. त्यावर नाव होतं आर्वो केस्किताला. सायमाचा बाप.

आता हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे कोणीही छोटी कंपनी काढली की सरकारदरबारी एक एजंट नोंदवावा लागतो. धंद्याच्या वेळात ठरल्या पत्त्यावर सापडेल आणि कोर्टाचा कागद हातात घेईल असा माणूस. कागद त्याच्या हातात पडला की तो तुमच्या हातात पडला, असं कायदा मानतो. हे काम वर्षाची फी घेऊन चोखपणे करणाऱ्या कंपन्या आहेत. पण आमच्या सालो गावात त्यांना कोण विचारतो! आमच्या लोकांना फुकटात मिळणाऱ्या नातेवाइकाचा मोठा अभिमान. गॅरेजवाल्याने सासूला नेमलंय, न्हाव्याने पांगळ्या मेव्हण्याला. घरात बसून असतो ना, मग बसल्या बसल्या तेवढंच काम, असा हिशेब. आणि सायमाचा एजंट तर साऱ्या गावाने हेवा करावा असा. आर्वो उभा जन्म याच रस्त्यांवरून टपाल वाटत हिंडलेला. गुडघाभर बर्फातसुद्धा त्याने कोणाचं पत्र चुकवलं नव्हतं. त्याच्यापेक्षा भरवशाचा माणूस कुठून आणायचा?

सायमा घरी आली. म्हातारा खिडकीशी बसला होता.

"पा, तुझ्याकडे कोणी कागद घेऊन आलं होतं का रे? मोठा लिफाफा?"

"आलं होतं की."

"मग कुठे ठेवलास?"

"ठेवला?" म्हातारा दुखावला. "पत्र काय ठेवायला असतं? पोहोचवलं."

"कुठे?"

"बेकरीत. हिल्जा भट्टीशी होती, म्हणून पेटीत टाकलं."

हिल्जा म्हणजे सायमाची आई. पास्ट्यांचा धंदा तिने सुरू केला होता, जुन्या शेतावरच्या स्वयंपाकघरात. शेत विकून जमाना झाला होता आणि हिल्जाला जाऊनही आता तिसरा हिवाळा. सायमा गाडी काढून तिकडे गेली. घराचं छप्पर बसलं होतं, पण रस्त्याच्या कडेची पत्र्याची टपालपेटी अजून उभी होती. लिफाफा आत होता. ओला होऊन सुकलेला, कडक झालेला.

तेव्हा तिला तो दिवस आठवला. म्हातारा घरातल्या सपाता घालून बर्फातून चालत आला होता, पाय निळे पडले होते. तिने त्याला फडाफडा बोलून घेतलं, पाय शेकले आणि कुठे गेला होतास हे विचारलंच नाही. विचारायचं नाही, हीच तिची रीत झाली होती. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

"अगं, हे तर फारच छान झालं," रोवेना म्हणाली, आणि सायमाचा चेहरा पाहून वरमली. "म्हणजे, खटल्याच्या दृष्टीने. निकाल रद्द करून घ्यायचा तर एकच वाट आहे. तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्याला कागद देणं म्हणजे भिंतीला देणं होतं, हे सिद्ध करायचं."

"त्याच्यासमोर?"

"समोरची बाजू त्याला साक्षीला बोलावतेय. तो कोर्टात असणारच."

"दुसरी वाट?"

"बेकरी देऊन टाक."

सुनावणीच्या सकाळी म्हाताऱ्याने स्वतःच दाढी केली, टाय बांधला. नेमकी त्या दिवशी त्याची अक्कल लख्ख होती. देवालाही कधी कधी काय वेळ सुचते! समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही या बेकरीचे एजंट आहात हे माहीत होतं?

"माहीत म्हणजे? सही केलीय मी."

"कागद घेतलात?"

"घेतला. आणणारा पोरगा गारठला होता, त्याला कॉफी पाजली."

"आणि पुढे?"

"पोहोचवला. माझ्या हातून एकही टपाल हरवलेलं नाही, कोणालाही विचारा."

मागच्या बाकांवर कोणी तरी कौतुकाने हसलं. रोवेनाने विचारलं, "कुठे पोहोचवलात?" म्हाताऱ्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. "पत्त्यावर, पोरी. आणखी कुठे?" न्यायाधीशांनी मान डोलावली.

रोवेनाने सायमाचं नाव पुकारलं.

सायमा उभी राहिली आणि बापाकडे न बघता बोलू लागली. तो रोज दोन कप मांडतो आणि दुसऱ्या कपातली कॉफी निवली की रडतो, हे सांगितलं. सरपणाच्या खोक्यात लघवी करतो, हे सांगितलं. एकदा तिलाच चोर समजून घराबाहेर काढून आतून कडी लावली होती, ते सांगितलं. शनिवारी ती त्याला सौनात, वाफेच्या खोलीत, आंघोळ घालते तेव्हा तो दोन्ही हातांनी अंग झाकतो आणि विनवतो, बाई, माझी मुलगी येईल आता, तिला येऊ दे. हे तिने आजवर सख्ख्या भावालाही कळू दिलं नव्हतं. आता टंकलेखिका ते अक्षर न् अक्षर टिपून घेत होती. सायमाला वाटलं, आपण चारचौघांत बापाचे कपडे उतरवतोय. तरी ती थांबली नाही, कारण थांबली तर बेकरी जाणार होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "हे सगळं कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

"आणि दर फेब्रुवारीत राज्य सरकार तुम्हाला विचारतं, एजंट तोच आहे का. गेल्या फेब्रुवारीत तुम्ही 'बदल नाही' असं भरून सही केलीत. त्याच्या आदल्या वर्षीही."

"हो."

"तेव्हा वडिलांची ही अवस्था तुम्हाला ठाऊक होती?"

सायमाने रोवेनाकडे पाहिलं. रोवेना कागदांकडे बघत होती. आपण जेवढं पटवून दिलं तेवढे आपणच अडकलो, हे आता दोघींनाही कळलं होतं.

"ठाऊक होती," सायमा म्हणाली. तिने नाव का बदललं नव्हतं, ते कोणी विचारलं नाही. नाव बदलायचं म्हणजे म्हाताऱ्याला सांगावं लागलं असतं, की आता तू कशालाच नेमलेला नाहीस. तेवढं तिच्याच्याने झालं नव्हतं.

अर्ज फेटाळला गेला. चूक त्याची नव्हे, ठाऊक असूनही त्यालाच नेमून ठेवणाऱ्या तुमची, असं न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले. इमारत, भट्ट्या, हिल्जाच्या नावाची पाटी, सगळं आता लिलावात जाणार होतं. बाहेर रोवेनाने तिला मिठी मारली, पण सायमाचे हात खालीच राहिले.

तिने म्हाताऱ्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला. तो खिडकीबाहेर बघत होता. सकाळचा तो उजेड त्याच्या डोळ्यांतून आता उतरला होता.

"ती बाई बघितलीस?" तो एकदम म्हणाला.

"कुठली?"

"तिथे उभी राहून बोलत होती ती. आपल्या बापाबद्दल काय काय बोलली, परक्या माणसांसमोर." त्याने मान हलवली. "बिचारा कोण म्हातारा असेल तो. माझी सायमा असं कधी बोलायची नाही."

सायमाने चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

"नाही," ती म्हणाली. "ती नाही बोलायची."