नकोचा रकाना

पॅरिसने वेशीबाहेरच्या आमच्या फोंत्रेलला आजवर पुष्कळ दिलं आहे: रिंगरोड, कचरा जाळायचा कारखाना, विमानांचा आवाज. यंदा हिरवी वसाहत द्यायचं ठरलं. जागा मुक्रर झाली रेल्वेरुळालगतच्या भाजीच्या वाफ्यांची, म्हणजे आधीच हिरवी असलेली. वसाहतीचं नाव ‘बागवानांची बाग’. बागवान तेवढे नकाशात बसत नव्हते.

चौदा नंबरचा तुकडा ओदील गारेक यांचा. रेल्वेत फिटर असलेल्या त्यांच्या वडिलांना तो मिळाला, तेव्हा ओदीलबाई अकरा वर्षांच्या होत्या; आता एकाहत्तर. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या फक्त झोपतात. राहतात वाफ्यावर. शेजारचा पंधरा नंबर माझा. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि तिथे मुख्यतः गवत पिकवतो.

शनिवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात लोकांचं मत घेण्यात आलं. दारात वही होती, आम्ही सह्या केल्या. वही दिसली की आम्ही सही करतोच. मग मत नोंदवायला प्रत्येकाच्या हातावर तीन चिकटवायच्या टिकल्या ठेवण्यात आल्या. भिंतीवर तक्ता, त्यात तीन रकाने: ‘फार आवडलं’, ‘आवडलं’, ‘आवडेल’.

ओदीलबाईंनी तक्ता दोनदा वाचला.

“अगं मुली, नको असेल तर कुठे लावायची?”

प्रकल्प कार्यालयाची मुलगी गोड हसली. “मादाम, नको हा आजच्या कार्यशाळेचा विषय नाही.”

“मग कधी आहे?”

“तो टप्पा होऊन गेला.”

“आम्हाला कोणी बोलावलं नाही ते?”

“संकेतस्थळावर होतं, मादाम.”

मागून बेलकासेम म्हणाला, “ओदील, तुझ्या कांद्यांनी वाचलं असेल बघ. विचार त्यांना.” बेलकासेम सोळा नंबरचा. चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला माणूस, वाट अडवली की त्याला कंठ फुटतो.

ओदीलबाईंनी टेबलावरचा जाड पेन उचलला, तक्त्यावर चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘नको’. स्वतःच्या तिन्ही टिकल्या तिथे लावल्या. मग रांगच लागली. ज्यांनी आधी ‘आवडेल’मध्ये लावल्या होत्या, ते नखाने खरवडून काढून इकडे आणू लागले. मुलीने अडवलं नाही. उलट फोटो काढला.

फेब्रुवारीत अहवाल आला. गुळगुळीत कागद, सत्तेचाळीस नागरिकांचा ‘उत्साही सहभाग’, खाली आमच्या सह्या. तक्त्याचा फोटोही होता, तिसऱ्या रकान्याशी कापलेला. त्यात ओदीलबाईंचा कोपर तेवढा आला होता. तुकडे एप्रिलअखेर रिकामे करायचे होते.

मी तक्रारीचं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. त्याची पोच आली.

ओदीलबाईंनी काहीच लिहिलं नाही. मार्चमध्ये त्यांनी अ‍ॅस्परॅगसची, म्हणजे कोवळे कोंब कापून खायच्या भाजीची, मुळं आणली, चाळीस. मी आणि बेलकासेमने गुडघाभर चर खणला. त्या उकिडव्या बसून एकेक मूळ पसरत होत्या, तेवढ्यात फीत घेऊन मोजणीदार आला.

“मादाम, तुम्ही कधी मोकळं करणार?”

“याला पहिली दोन वर्षं हात लावायचा नसतो,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तिसऱ्या वर्षी थोडं कापायचं. नीट धरलं की पंधरा वर्षं येतं.”

त्याने आमच्याकडे पाहिलं. बेलकासेमने फावडं चराच्या तोंडाशी आडवं ठेवलं आणि त्यावर बसला. मी दुसऱ्या टोकाला बसलो. जमीन ओली होती.

“मी काय लिहू?” मोजणीदाराने विचारलं.

“‘नको’ लिही,” ओदीलबाई म्हणाल्या. “रकाना नसेल तर आख.”