सोमवारी पावणेसातचा आवाज

मित्रांनो, मी मोटारसायकलचा एक जुना सायलेन्सर आहे. या क्षणी पुण्यातल्या एका मैदानाच्या कडेला, डांबरावर आडवा पडलो आहे. पोलिसांनी जमा केलेले माझ्यासारखे दोनशेच्या वर सायलेन्सर इथे ओळीने मांडले आहेत आणि ओळीच्या टोकाला रोडरोलर उभा आहे. तो अजून सुरू झालेला नाही, कारण पाहुण्यांची भाषणं संपलेली नाहीत. तेवढ्यात माझी हकीगत ऐकून घ्या.

माझ्या दोन्ही बाजूंचे चकचकीत आहेत. फटाक्यासारखे बार काढावेत म्हणूनच त्यांना हौसेने विकत आणलं होतं, आणि त्याचा त्यांना अजून अभिमान आहे. मला त्यांच्यात आणून टाकलं याचा मला राग येतो. मी कारखान्यातून गाडीबरोबरच आलो. इंजिनाचा आरडाओरडा पोटात घ्यायचा आणि बाहेर नुसती धुसफूस सोडायची, हे माझं काम. सोळा वर्षं ते मी इमानाने केलं. गप्प राहणाऱ्याचं कौतुक सहसा होत नाही. एकदाच गॅरेजवाला म्हणाला होता, "सुखदेवराव, तुमची गाडी चालू आहे की बंद, कळतच नाही." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

सुखदेव हे माझे मालक. राहायला विश्रांतवाडीला. एका लॅबसाठी ते सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतात. पाठीवर बर्फाची पेटी, डोक्यावर हेल्मेट, आणि सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे टेकलेला पाय. त्यांनी सुई टोचलेली कळत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात.

दोन वर्षांपूर्वी मला गंज धरला आणि पोटाखाली एक बारीक भोक पडलं. सुखदेवांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या, "अहो, आधी ते दुरुस्त करून घ्या." "या रविवारी नक्की," सुखदेव म्हणाले. रविवार येत गेले आणि भोक वाढत गेलं. इतक्या गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरेना, आणि जुन्या मॉडेलचा नवा सायलेन्सर मिळेना. शेवटी त्यांच्या मुलीने, पूर्वाने, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तारेने माझ्या पोटावर आवळला. त्यावर अर्धा शेंगदाणा छापलेला होता. ते ठिगळ आठवडाभर टिकलं, मग एका बाजूने सुटलं आणि फडफडू लागलं. दुसऱ्याचा आवाज दाबणं हे ज्याचं काम, तोच आता गल्ली दणाणून सोडत होता. मला रोज लाज वाटायची.

आवाज वाढला आणि लोकांच्या नजरेत सुखदेव बदलले. माणूस तोच, वय सत्तेचाळीस, वेग तोच चाळिसाच्या आतला. पण एका सिग्नलला मोटारीची काच खाली झाली आणि आतले गृहस्थ म्हणाले, "आईबाप गाडी घेऊन देतात, वळण लावायचं मात्र राहून जातं." हेल्मेटच्या आतले पांढरे केस त्यांना दिसत नव्हते. एका सोसायटीच्या रखवालदाराने फाटकावरच अडवलं आणि बाइकवाल्यांना आत सोडायचं नाही म्हणून सांगितलं. त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी सुखदेवांची वाट बघत होत्या. सुखदेव कुणाला उलटून बोलले नाहीत. गाडी बाहेर लावायची आणि पेटी घेऊन चालत आत जायचं.

मंडईजवळच्या एका गल्लीत श्यामसुंदरकाका तळमजल्यावर एकटेच राहतात. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्यामुळे दर सोमवारी सुखदेव त्यांचं रक्त न्यायला जात. काकांनी दाराबाहेर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'येथे वाहन लावू नये. लावल्यास वाहन राहील, चाकातील हवा राहणार नाही.' म्हणून सुखदेव गाडी मागच्या बोळात लावत आणि वळसा घालून पुढच्या दाराशी जात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आतलं सगळं ऐकू येई.

"ऐकलंत ना, सुखदेवराव? आत्ताच गेला तो फटफटीवाला," बाही वर सारत काका म्हणत. "असल्या कार्ट्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे. नाहीतर आपण. आलात कधी, तेही कळत नाही."

"मूठ आवळा, काका," सुखदेव म्हणत.

दर सोमवारी एवढंच. मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटे की तो फटफटीवाला तुमच्यासमोर बसला आहे आणि तुमचा हात त्याच्याच हातात आहे. पण मी तोंड उघडलं की लोकांना फक्त गोंगाट ऐकू येतो.

काकांनी एका वहीत नोंदी ठेवल्या. आवाज रोज सातच्या सुमारास, सोमवारी मात्र बरोबर पावणेसातला आणि घराच्या अगदी पाठीमागे. त्या नोंदींसकट त्यांनी पोलिसांकडे तक्रार दिली. जन्मभर जमिनी मोजलेल्या या माणसाला सोमवारी पावणेसातला आपल्याकडे कोण येतं, हे काही सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी काकांच्या घरी पोचायच्या आधीच, गल्लीच्या कोपऱ्यावर पोलीस उभे होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आवाज होताच. हवालदाराने पत्रा बघितला आणि विचारलं, "हे काय नवीन बसवलंय?"

"बसवलं नाही साहेब, फाटलाय तो. पेटीत लोकांचं रक्त आहे. वेळेत पोचलं पाहिजे."

त्यांनी सुखदेवांना पेटीसकट रिक्षाने जाऊ दिलं. गाडी जमा झाली. मला काढून माझ्यावर खडूने आकडा घातला आणि एका बंद खोलीत टाकलं. अकरा दिवस मी तिथे होतो. खाली सहा थर, वर चार, खिडकी नाही, कूस बदलायची सोय नाही. शेजारचे विचारत, "तू किती गल्ल्या जाग्या केल्यास?" मी तसा नाही, असं मी सांगे. ते हसत. त्या खोलीत प्रत्येक जण तेच सांगत होता, मग माझं कोण खरं मानणार?

आज सकाळी आम्हाला इथे आणलं, तर सुखदेव आधीच येऊन उभे. "साहेब, सोमवारपर्यंत गाडी मिळाली नाही तर लॅब माझी सगळी घरं दुसऱ्याला देणार आहे. बऱ्याच शोधाने नवा सायलेन्सर आणलाय मी," ते पोलीस अधिकाऱ्यांना म्हणाले. साहेब म्हणाले, "कार्यक्रम होऊ द्या."

आज जागरूक नागरिकांचा सत्कारही होता. माईकवर नाव पुकारलं आणि श्यामसुंदरकाका काठी टेकत पुढे आले. गुलाबाचं फूल घेऊन परत फिरले, तेव्हा त्यांना सुखदेव दिसले.

"अहो सुखदेवराव, आपण आलाच नाहीत. दोन्ही सोमवारी दुपारपर्यंत वाट बघितली. आपणही यांना वैतागलात वाटतं?"

"माझी गाडी जमा आहे, काका."

"आपली? कशाबद्दल?"

सुखदेवांनी नुसतं बोट माझ्याकडे केलं. काका वाकले. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा बघितला, तार बघितली. "सोमवारी, पावणेसात," ते पुटपुटले.

मग सरळ होऊन ते साहेबांपाशी गेले. "तक्रार माझी होती. आवाजाबद्दल होती, या माणसाबद्दल नव्हती. नवा सायलेन्सर बसवून यांची गाडी आजच्या आज सोडा. सोमवारी मी उपाशीपोटी बसणार आहे, आणि दुसरं कुणी आलं तर दारातून परत पाठवणार आहे." साहेबांनी हो म्हटलं. माझा आकडा मात्र रोलरखाली घालायच्या यादीत गेला होता.

काका परत आले. "इतके महिने मी बोलत होतो. सांगितलं का नाहीत?"

"सुई हातात असायची, काका. तुम्ही हात काढून घेतला असता."

"छे, नसता काढला," काका म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली. "काढला असता."

मित्रांनो, रोलर सुरू झाला आहे आणि पलीकडे टाळ्या वाजत आहेत. मला इथून कुणी उचलणार नाही, ते मी मान्य केलं आहे. सुखदेवांच्या गाडीला नवा सायलेन्सर बसेल. त्याला सांभाळा, त्याला लहानसं भोक पडलं तर रविवारची वाट बघू नका. रस्त्याने कुणी आवाज करत गेला तर जरूर रागवा, कान तुमचे आहेत. पण हेल्मेटच्या आत कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, असं समजू नका. तो कदाचित तुमच्याच दाराशी यायला निघालेला असेल.